समुद्र ओलांडल्यावर कुणाचे काय बुडाले?

एप्रिल महिना आला की चौकाचौकांत फलक लागतात. त्यावर कोलंबिया असते, लंडन असते, खाली पदव्यांची लांबलचक यादी असते. कुणी बत्तीस मोजतो, कुणी त्याहून जास्त. त्या यादीचा अभिमान आम्हालाही आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत सही करता येणे हीच मोठी गोष्ट होती, तेव्हा अभिमान वाटणारच. पण पदव्या मोजण्याच्या नादात एक कागद कुणी उघडून पाहत नाही. बाबासाहेबांच्या परदेशातील वर्षांचा हिशेब. पैसे कुणी दिले, कोणत्या अटीवर दिले, कधी थांबवले, आणि शिकून परत आलेल्या माणसाच्या वाट्याला काय आले? हा हिशेब आज मांडायचा, कारण आपली मुले आज त्याच वाटेने जात आहेत. त्यांच्या वाटेतले खड्डे नवे नाहीत.

भारतीय विद्यार्थ्यांच्या परदेशगमनाचा जो इतिहास आपल्याला शाळेत शिकवला गेला तो एका ठराविक साच्यातला आहे. मुलगा बोटीत बसतो. आई रडते. तिकडे थंडी, बेचव जेवण, एकटेपणा. इकडे जातीतले लोक चिडलेले, कारण धर्मशास्त्राने समुद्र ओलांडायला बंदी केलेली. मुलगा शिकून परत येतो, प्रायश्चित्त घेतो, पंगतीला बसतो, गोष्ट संपते. या साच्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मोहनदास गांधींचे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून विलायतेला निघाले. त्याआधी त्यांच्या मोढ वाणी जातीची सभा भरली, जातीच्या शेठने त्यांना जातीबाहेर टाकले आणि जो कोणी त्यांना मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरवला. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परत आल्यावर भावाने त्यांना नाशिकला नेले, गोदावरीत स्नान घातले, मग राजकोटला जातीला जेवण दिले. गांधींनी स्वतःच आत्मकथेत हे लिहून ठेवले आहे. जातीतल्या एका गटाने तरीही त्यांना बाहेरच ठेवले, ही गोष्ट वेगळी. पण परत आत जायला दार होते, आणि ते दार उघडण्याची किंमत एक स्नान आणि एक जेवणावळ एवढी होती.

आता हेच नाशिक लक्षात ठेवा. २ मार्च १९३० रोजी त्याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष त्या दारासमोर बसले. त्यांचा नेता तोवर न्यूयॉर्क, लंडन आणि बॉन पाहून आला होता. त्याच्यासाठी कोणत्या नदीत स्नान होते?

आनंदीबाई जोशींचे उदाहरण घ्या. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वुमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, आजारी होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. त्यांच्या जिद्दीबद्दल आमच्या मनात आदरच आहे. एका स्त्रीने त्या काळात हे करणे म्हणजे काय, हे सावित्रीमाईंच्या लेकींना सांगावे लागत नाही. पण त्यांच्याही गोष्टीत सतत एक प्रश्न फिरत राहतो, की जात टिकेल का, आहार टिकेल का, लुगडे टिकेल का. म्हणजे परदेशगमन ही जवळचे काहीतरी गमावण्याची भीती होती.

अस्पृश्याकडे गमावण्यासारखी जात कुठे होती? त्याच्यासाठी समुद्राची बंदी निरर्थक होती. ज्याला गावच्या विहिरीवर बंदी, त्याला समुद्रावर बंदी घालून काय साधणार? म्हणूनच आमचे म्हणणे असे, की दलित विद्यार्थ्याच्या परदेशगमनाचा आलेख सवर्ण विद्यार्थ्याच्या आलेखाच्या बरोबर उलटा आहे. सवर्ण विद्यार्थी तिकडे खचतो आणि घरी परतल्यावर सावरतो. आपला विद्यार्थी तिकडे, निदान काही काळ, माणूस म्हणून उभा राहतो. त्याचा खरा उतार परतीच्या बंदरावर सुरू होतो. आत्ता हे विधान मोठे वाटेल, पण बाबासाहेबांची दहा वर्षे तारखेनिशी तपासून पाहू.

१९१३ सालापासून सुरुवात करू. बी.ए. होऊन तरुण भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि काही दिवसांतच, २ फेब्रुवारीला, सुभेदार रामजी वारले. घरचा आधार गेला. पुढे सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी विद्यार्थी पाठवायचे ठरवले, त्यात भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सही झाली. तीन वर्षे शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, आणि बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी. सयाजीरावांचे ऋण आपण मान्य करतो, बाबासाहेबांनीही ते कधी नाकारले नाही. त्या काळात इतर किती राजांनी अस्पृश्य मुलाला अमेरिकेला पाठवले ते शोधून पाहा, मग सयाजीरावांची उंची कळेल. पण करार तो करार. दहा वर्षांची बांधीलकी त्या मुलाने बावीसाव्या वर्षी लिहून दिली होती. आणि संस्थानची चाकरी करायला गेल्यावर राहायचे कुठे, पाणी कुठे प्यायचे, याबद्दल त्या करारात एक ओळही नव्हती. तो प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. आधी हार्टली हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले, तिथले जेवण मानवले नाही म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणासोबत राहिले. हा नवल भथेना पुढे आयुष्यभराचा मित्र झाला, त्याचे नाव पुन्हा येईल. कोलंबियातली नोंद पाहिली तर डोळे विस्फारतात. अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, वर फ्रेंच आणि जर्मन. तीन वर्षांत! शिष्यवृत्तीची मुदत तीन वर्षांची, म्हणून जेवढे पोटात घालता येईल तेवढे घालायचे, असा तो भुकेल्या माणसाचा अभ्यास होता. सेलिग्मन, ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन यांच्यासारखे शिक्षक होते. १९१५ साली ‘एन्शंट इंडियन कॉमर्स’ या प्रबंधावर एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पंचविशीतला एक महार विद्यार्थी जातीची उत्पत्ती, तिची यंत्रणा आणि स्त्रियांवरची बंधने यांचा परस्परसंबंध मांडत होता आणि समोरचे लोक त्याची जात विचारत नव्हते, त्याचा मुद्दा विचारत होते. पुढच्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. तो चढ इथे आहे.

अमेरिका म्हणजे समतेचा स्वर्ग, असे मात्र कुणी आमच्या तोंडी घालू नये. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम आहे. त्याच १९१३ साली अध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळे बसवायला सुरुवात केली होती. फेब्रुवारी १९१७ मध्ये अमेरिकेने आशियातल्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद करणारा कायदा केला, त्यात हिंदुस्थानही होता. म्हणजे बाबासाहेबांना जी मोकळीक मिळाली ती त्या देशाच्या स्वतःच्या काळ्या नागरिकांना नव्हती. परदेशी विद्यार्थी हा पाहुणा असतो, आणि पाहुण्याला वाढलेले ताट म्हणजे त्या घरातला न्याय नव्हे. बाबासाहेबांना हे पुरते कळत होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्य आणि निग्रो यांच्या परिस्थितीतले साम्य त्यांनी त्यात नोंदवले आणि काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली.

याच्याच बरोबर उलटी, समुद्राच्या त्या बाजूची एक गोष्ट आहे. ती मराठीत फारशी सांगितली जात नाही, पण आपल्या मुद्द्याच्या कामाची आहे. अ‍ॅलन लॉक या काळ्या अमेरिकन विद्यार्थ्याला १९०७ साली ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली. ही शिष्यवृत्ती घेऊन ऑक्सफर्डला जाणारा तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. ऑक्सफर्डच्या अनेक कॉलेजांनी त्याला प्रवेश नाकारला, शेवटी हर्टफर्ड कॉलेजने घेतले. पण त्याला सर्वांत जास्त जिव्हारी लागणारा त्रास दिला तो त्याच्याच देशातून, त्याच शिष्यवृत्तीवर आलेल्या दक्षिणेकडच्या गोऱ्या विद्यार्थ्यांनी. त्याच्या निवडीवर त्यांनी आक्षेप घेतला. अमेरिकन विद्यार्थ्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीला त्याला बोलावले नाही. १९१० साली तो पदवी न घेता ऑक्सफर्डहून बर्लिनला गेला. त्यानंतर दुसऱ्या काळ्या अमेरिकन विद्यार्थ्याला ती शिष्यवृत्ती मिळायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. लॉक पुढे मोठा तत्त्वज्ञ झाला, हार्लेमच्या साहित्यिक चळवळीचा आधारस्तंभ झाला. पण आम्हाला त्याच्या गोष्टीतले एकच सूत्र हवे आहे. भेदभाव देशातच राहत नाही. तो देशबांधवांच्या ट्रंकेतून परदेशी जातो. बाबासाहेबांच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये हिंदी विद्यार्थी थोडे होते, म्हणून ती ट्रंक तिथे पोहोचली नव्हती. आज पोहोचली आहे. त्याकडे पुढे येऊच.

१९१६ च्या उन्हाळ्यात बाबासाहेब लंडनला आले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. बडोद्याच्या दिवाणांकडून परत येण्याचा निरोप आला. अभ्यास अर्धा, प्रबंध अर्धा, बॅरिस्टरी अर्धी. लंडन विद्यापीठाकडून त्यांनी एकच गोष्ट मिळवली, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी. चरित्रांमधून हा प्रसंग दोन ओळींत आटोपतो. आम्हाला तो फार मोठा वाटतो. ज्याच्या बापाजवळ पैसा आहे त्याची मुदत कधीच संपत नाही, तो आणखी एक वर्ष राहतो. शिष्यवृत्तीच्या पोराची मुदत मात्र दुसऱ्याच्या कॅलेंडरवर चालते. पुढे शिकायचे की परतायचे, हे ठरवणारा माणूस चार हजार मैलांवर कचेरीत बसलेला असतो.

पहिले महायुद्ध चालू होते. बाबासाहेब मार्सेल्सहून ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने निघाले. त्यांचे सामान आणि पुस्तके थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने पाठवली होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. बोट बुडाल्याच्या बातमीने घरच्यांच्या जिवाचे पाणी झाले. २१ ऑगस्ट १९१७ रोजी बाबासाहेब मुंबईला उतरले, पुस्तकांशिवाय. वर्षानुवर्षे उपाशी राहून घेतलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. सामानाची भरपाई म्हणून कंपनीकडून जे पैसे आले, त्यातून काही घरी दिले आणि उरलेल्यातून बडोद्याचे तिकीट काढले. म्हणजे बडोद्याच्या प्रवासाला बुडालेल्या पुस्तकांचेच पैसे कामी आले.

सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात काय झाले ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत आहे, आणि प्रत्येक आंबेडकरी घरात ते एकदा तरी मोठ्याने वाचले पाहिजे. हिंदूंच्या हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होते. मित्रांकडे जावे तर ते काय करतील याचा भरवसा नव्हता. पारशी लोकांचा धर्म अस्पृश्यता मानत नाही म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. रखवालदाराने सदरा-कस्ती दिसत नाही म्हणून ओळखले की हा पारशी नव्हे. शेवटी तडजोड झाली. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि दिवसाला दीड रुपया द्यायचा. कोलंबियात स्वतःच्या नावाने निबंध वाचणारा माणूस, स्वतःच्या देशात, ज्या संस्थानाने त्याला शिकवले त्याच संस्थानाच्या राजधानीत, खोट्या नावाने राहिला. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेला मोठा दिवाणखाना, अंधार, एक मिणमिणता कंदील, आणि शेजारी एक लहान खोली. सोबतीला माणूस नाही.

अकराव्या दिवशी सकाळी, कचेरीला निघायच्या वेळी, डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण? धर्मशाळा बाटवलीस. संध्याकाळपर्यंत चालता हो. आठ दिवसांची सवलत त्यांनी मागितली, ती मिळाली नाही. एका हिंदू मित्राकडे गेले, तो म्हणाला तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एक ख्रिस्ती मित्र होता, मूळचा ब्राह्मण. त्याने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले, आणि बायको अजूनही सोवळ्याओवळ्याची होती. मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत झाडाखाली काढले. कचेरीतही शिपाई कागद लांबून टाकत. त्या आठवणींत त्यांनी एक गोष्ट नोंदवली आहे. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती.

हे वाक्य आम्ही वारंवार वाचले आहे, आणि दर वेळी वाटते की परदेशी शिक्षणाची खरी किंमत इथे दिसते. जो कधी गेलाच नाही, त्याला बडोद्याचा अपमान रोजचाच वाटला असता. जो माणूस म्हणून जगून आला, त्याला तो काठीसारखा बसला. या अर्थाने परदेश दलित विद्यार्थ्याला दुबळा करत नाही. तो अपमान सहन करण्याची सवय मोडतो. सवय मोडलेला माणूस जुन्या व्यवस्थेला सर्वांत धोकादायक. दहा वर्षांनी महाडचे तळे पेटले, त्याची एक ठिणगी कामाठी बागेतली होती असे आमचे मत आहे.

लंडनने दिलेली चार वर्षांची मुदत टिकटिक करत होती. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. तिथेही काही सहकारी प्राध्यापकांनी पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावरून हरकत घेतली, प्राध्यापकांनी! पगारातून पैसा साठवला. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनाने पाच हजार रुपये कर्ज दिले. पारशी धर्मशाळेने हाकलले आणि पारशी मित्राने लंडनला पाठवले, हेही याच हिशेबात लिहायला हवे. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. यावेळी शिष्यवृत्ती नव्हती, करार नव्हता, पण पैसाही नव्हता. लंडनमधली घरमालकीण हात आखडून वागणारी. सकाळी पावाचा एक तुकडा, थोडी माशाची चटणी. दिवसभर ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन. रात्री दहाला भूक आवरेना तेव्हा मित्राने दिलेले पापड तव्याऐवजी पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दूध. इकडे परळच्या चाळीत रमाई संसार ओढत होती. तिच्या त्या वर्षांची नोंद कुठल्याही विद्यापीठाच्या दप्तरात नाही, पण त्या पदव्यांत तिची उपासमार आहे.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध सादर केला, तर परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितला, कारण त्यातली इंग्रजी कारभारावरची टीका झोंबणारी होती. पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये परत यावे लागले. मुंबईत बसून प्रबंधात बदल केले, तो पाठवला, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून सादर केल्यावर १९२७ साली हाती आली, म्हणजे शिष्यवृत्ती संपल्यानंतर अकरा वर्षांनी. फलकावर या सगळ्या पदव्या एका ओळीत बसतात. प्रत्यक्षात त्या दोन मुदती, एक महायुद्ध, एक बुडालेली बोट आणि कर्ज यांमधून ओढून आणलेल्या आहेत.

म्हणून सत्तेत शिरकाव मिळताच त्यांनी काय मागितले ते पाहा. व्हाईसरॉयच्या कौन्सिलचे सभासद झाल्यावर २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात देशातल्या शिक्षणासाठी तसेच परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. कुणा राजाची मर्जी नको, सरकारी तिजोरीतला हक्क हवा. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. दरम्यान के. आर. नारायणन टाटा शिष्यवृत्तीवर १९४५ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले, प्राध्यापक लास्कींचे विद्यार्थी झाले, आणि १९४८ मध्ये लास्कींचे नेहरूंच्या नावाचे पत्र घेऊन परतले. पुढच्याच वर्षी परराष्ट्र सेवेत रुजू झाले, १९९७ साली राष्ट्रपती झाले. त्यांची परतीची वाट बाबासाहेबांहून सोपी झाली, कारण यावेळी परतल्यावर दाराशी काम उभे होते. करारात जी ओळ बडोद्याला सुचली नाही ती इथे एका पत्राने भरून काढली. पण किती जणांच्या खिशात लास्कींचे पत्र असते?

आता आजचे बोलू. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला १२५ जागा. अनुसूचित जातींसाठी ११५, भटक्या-विमुक्तांसाठी ६, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांसाठी ४. एवढ्या प्रचंड देशातून एवढ्याच. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने नियमावली बदलून त्यात एक कलम घातले, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. अधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा होता, की या विषयांचे ग्रंथ आणि तज्ज्ञ इथेच आहेत, त्यासाठी परदेशी जायची गरज नाही, तो पैसा इतर विषयांना वापरावा.

वरवर हा मुद्दा काटकसरीचा वाटतो. मग तो न्यूयॉर्कच्या नोंदींना लावून पाहा. ‘एन्शंट इंडियन कॉमर्स’ म्हणजे भारताचा इतिहास, बाद. ‘कास्ट्स इन इंडिया’ म्हणजे भारतावरील सामाजिक अभ्यास, बाद. १९१३ साली बडोद्याच्या राजाने जे कलम घातले नाही ते २०२२ साली बाबासाहेबांच्या संविधानाखाली चालणाऱ्या मंत्रालयाने घातले. आणि ग्रंथ इथे आहेत म्हणून अभ्यास इथेच करा, हा युक्तिवाद तर बाबासाहेबांच्या पिढीलाही लागू होता. संस्कृत ग्रंथ इथेच होते. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली, हे कसे विसरता? ग्रंथ असणे वेगळे, आणि तो ग्रंथ उघडून त्यावर बिनधास्त प्रश्न विचारण्याची जागा असणे वेगळे. चर्चासत्रात जातीवर बोलल्यावर मार्गदर्शकाच्या कपाळावर आठी पडत नाही अशी जागा आपल्या मुलांना किती विद्यापीठांत मिळते? रोहित वेमुला गेल्यावरही हा प्रश्न विचारावा लागतो, हेच त्या युक्तिवादाला उत्तर आहे. आणि तंत्रज्ञान शिकायला जा पण स्वतःच्या समाजाबद्दल विचार करायला जाऊ नका, हे सांगणारे कलम शिष्यवृत्तीचे नव्हे, पहाऱ्याचे आहे.

दुसरी गोष्ट ट्रंकेची. अ‍ॅलन लॉकच्या वाट्याला ऑक्सफर्डमध्ये स्वतःच्या देशबांधवांकडून जे आले, ते आज आपल्या मुलांना अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये येते. खोली शोधताना शाकाहारी का, हा प्रश्न येतो. तो उत्तरला की आडनाव विचारतात, आडनावावरून कळले नाही तर गाव, गावावरूनही नाही तर आजोबांचा व्यवसाय. बाबासाहेबांना धर्मशाळेच्या वहीत खोटे नाव लिहावे लागले, आज कुणी सोशल मीडियावरचे आडनाव बदलून ठेवतो. या प्रश्नाची दखल तिकडच्या संस्थांना घ्यावी लागली ती आपल्याच पोरांच्या लढ्यामुळे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये केला. सिअॅटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तसा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातीविरोधी विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी त्यावर नकाराधिकार वापरला. त्या विधेयकाविरुद्ध सर्वांत जोरात ओरडणारे कोण होते? अमेरिकेत सुखाने स्थिरावलेले भारतीयच. ज्यांच्या आजोबांना समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्यांचे नातू समुद्रापलीकडे जातीचे रक्षण करत आहेत. सिंधुबंदी बुडाली, जात नाही बुडाली.

आमच्या मागण्या साध्या आहेत. २०२२ चे ते कलम रद्द झाले पाहिजे आणि पुन्हा कुठल्याही नियमावलीत दिसता कामा नये. जागा वाढल्या पाहिजेत. शिष्यवृत्तीचा हप्ता विद्यापीठाच्या फीच्या तारखेआधी पोहोचला पाहिजे, तारीख उलटून गेल्यावर नव्हे. संशोधन वाढले तर मुदत वाढवण्याचा अधिकार मार्गदर्शकाच्या शिफारशीला असावा, कारकुनाच्या सहीला नव्हे. परतणाऱ्या विद्यार्थ्यासाठी विद्यापीठांतल्या राखीव जागा भरलेल्या असाव्यात, ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारून रिकाम्या ठेवलेल्या नसाव्यात. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले, स्मारक केले, आम्हाला त्याचा आनंदच आहे. तिथे जाणाऱ्या मंत्र्यांनी पुढच्या खेपेला फोटो काढून झाल्यावर, लंडनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांना बोलावून विचारावे, की बाबांनो, हप्ता आला का?